एकदाच थांबलं होतं

आई, तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं खरं उत्तर आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे.

तेव्हा मी हैदराबादला होतो. आमच्या कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोसेसर, दोघांची मिळून मेमरी एकच. त्यांना कामं वाटून देणारा मूळ प्रोग्राम, कर्नल, किती ताण सोसतो हे पाहणं माझं काम. ढीगभर कामं एकदम अंगावर टाकायची आणि बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही प्रोसेसर थिजले. याला हवं ते त्याने धरलेलं, त्याला हवं ते याने, आणि सोडेना कुणीच. पुन्हा चालू केल्यावर मात्र आठवडाभर कितीही ताण दिला तरी ते परत घडेना. साहेब म्हणाले, "एकदाच ना? मग रिपोर्टमध्ये कशाला?" मी 'स्थिर आहे' असं लिहून सही केली.

त्या रविवारी सोलापूरला आलो. तू चुलीपुढे बसली आहेस, भाकरी थापता थापता ऐकते आहेस. तुला कळणार नाही या भरवशावर मी सगळं सांगून टाकतो. तू विचारतेस, "त्ये मशीन बसवायला कोन जानार हाय?" मी माझ्या मित्राचं नाव घेतो. मोडनिंबचा, गावी जाताना दर खेपेला आपल्याकडे जेवून जाणारा. तुझा हात थांबतो. "मग त्येला सांगितलंस का न्हाय?" "सांगितलं की," मी म्हणतो. "मग बरं," म्हणून तू भाकरी तव्यावर टाकतेस.

सांगितलं नव्हतं. तो बसवायला नाही म्हणाला असता आणि माझी सही उघडी पडली असती. मशीन परगावी गेलं, ऐन गर्दीच्या दिवशी बंद पडलं. बसवताना त्यानेच काहीतरी चूक केली असं ठरलं. चौकशीत मला विचारलं, तर मी माझाच रिपोर्ट पुढे केला. त्याला काढून टाकलं. सामान बांधताना तो म्हणाला, "जाताना काकूंना भेटतो. त्यांच्यापाशी बोललं की बरं वाटतं." तू त्याला पहिलं काय विचारशील, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तू गेल्याची तार आली. तो माझ्यासोबत आला, तुला खांदा दिला, माझ्याहून जास्त रडला. तसली नोकरी त्याला पुन्हा कुठेच मिळाली नाही. दिवाळीला अजून त्याचं पत्र येतं. मी उत्तरात तब्येत विचारतो, बाकी काही लिहीत नाही.

हा कागदही कुणाच्या हाती पडणार नाही. म्हणून लिहितो: ती तार वाचली तेव्हा, रडू यायच्या आधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.