खिडकीकडचा स्पीकर

रवीचे बाबा,

शेतातून आल्यावर रवीनं आणलेलं होम थेटर पुन्हा खोलत बसू नका. साखरखेर्ड्याच्या अजहर मेस्त्रीले फोनही करू नका. त्या बिचाऱ्याले बोलावून तुम्ही उगाच झापलं. खिडकीकडचा स्पीकर चांगला हाय.

काल तुम्ही बातम्या पाहात होते, तवा मी दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली. दाराकडचा खिडकीत ठेवला, तरी तुम्ही म्हणाले, "खिडकीकडचाच बंद हाय." मंग मी तुमची खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ केली. तवा तुम्ही वैतागून म्हणाले, "आता दाराकडचा गेला." मी दोन्हीवर हात ठेवून पाह्यला. दोन्ही थरथरत होते.

बिघाड तुमच्या डाव्या कानात हाय. सारी उमर थ्रेशरच्या आवाजात गेली, कान थकला.

तोंडानं सांगतलं असतं तर तुम्ही भांडले असते, म्हणून लिहून ठेवलं. मी मेहकरले कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावाले चालली. पिठलं-भाकर झाकून ठेवली हाय. जेवा, धुतलेला सदरा घाला अन् दहाच्या एसटीनं या. तुम्ही येईपर्यंत मी तिथून हलत नाई.

लग्नापासून मी तुमच्या डाव्या हातालेच बसत आली. आताशा काही बोलली की तुम्ही उत्तर देत नव्हते. मले वाटे, माणूस रुसला. परत येताना एसटीत मी उजवीकडे बसीन अन् सारं पुन्हा सांगीन.

जनका