तुमच्या धाकट्या बंधूंची बागबंदी

तीर्थस्वरूप भाऊजींस,

नमस्कार. तुमचे गुडघे बरे असावेत असं धरून चालते, कारण मागच्या पत्रात त्यांचा उल्लेख नव्हता आणि दुखत असते तर तुम्ही दोन पानं लिहिली असतीत. माझी प्रकृती उत्तम. तुमचे धाकटे बंधू घरी आहेत. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत घरी आहेत, आणि हीच तक्रार आहे.

तुम्ही दोघांनी ज्या मालधक्क्यावर हयात घालवलीत, त्याची आता बाग झाली आहे. चार नंबरच्या गोदामाच्या जागी हिरवळ आहे, वजनकाट्याच्या खोलीत सरबताचं दुकान आहे, आणि जहाजांचे दोर अडकवायचे लोखंडी खुंट पोपटी रंगवून त्यांवर ‘विसावा’ असं लिहिलं आहे. यांनी रोज सहा ते दहा तिथे जाऊन खुंटावर विसावलेल्या प्रत्येकाला उठवायचं, असा क्रम होता. ताणलेला दोर तुटला तर जवळ बसलेल्या माणसाचं काय होतं हे ते इतक्या बारकाईनं सांगत, की लोक हातातलं खाणं टाकून उठत. (बाग झाल्यापासून अकरा वर्षांत तिथे दोरच नव्हता, ही गोष्ट वेगळी.) मला घरी चार तास शांतता मिळे, त्यामुळे मी पूर्णपणे बागेच्या बाजूची होते.

गेल्या रविवारी बागेनं सैरीची बोट सुरू केली. प्रमुख पाहुणे, खुर्च्या, भाषणं, सगळं होतं. हे मलाही घेऊन गेले. बोटीचा दोर खुंटाला बांधला होता तो बुटाची नाडी बांधावी तसा, त्यामुळे यांचं पाहुण्यांकडे लक्षच लागेना. लोकांची तोंडं व्यासपीठाकडे असताना तो सोडून तिथे आपली धक्क्याची गाठ घातली गेली, ओढ बसेल तशी आवळणारी आणि उलटा झटका दिला की सुटणारी. मग पाहुणे बोटीत बसले, भोंगा वाजला, बोट हातभर सरकली आणि थांबली. झटके देऊन झाले. दोराचं दुसरं टोक बोटीला कायमचं बसवलेलं, त्यामुळे तिकडूनही सुटका नाही. पाहुणे पाऊण तास किनाऱ्याकडे हात हलवत राहिले (किनारा दोन हातांवर होता, काहींनी हात मिळवून घेतले). शेवटी माळ्यानं फांद्या छाटायच्या करवतीनं दोर कापला. हे कोणी केलं, असं विचारायच्या आत तुमचे बंधू एक पाऊल पुढे झाले.

बागेच्या अधिकारी बाई वयानं आपल्या धाकट्या लेकीएवढ्या, पण समजूतदार. म्हणाल्या, “काका, गाठ चुकली एवढं लिहून द्या आणि उद्यापासून या.” हे म्हणाले, “माझ्या हातून गाठ चुकलेली नाही.” झालं. तेव्हापासून फाटक बंद. घरी आल्यावर मी म्हटलं, सुटली नाही म्हणजे चुकली, हे तुमच्याच तोंडून पस्तीस वर्षं ऐकते आहे. यावर त्यांनी कालचा पेपर वाचायला घेतला. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, आणि इथे तर सुंभ माळ्यानं कापूनही पीळ शाबूत आहे. आता खुंट नाहीत म्हणून ते मला उठवतात. स्वयंपाकघरात स्टूल वाटेत आहे म्हणतात. दुपारी खिडकीशी उभे राहतात, तिथून धक्क्यावरच्या जुन्या क्रेनचं फक्त टोक दिसतं, तेच बघतात. जेवण अर्ध्यावर आलं आहे.

त्यांना गाठ तुम्ही शिकवलीत, ते तुमचंच ऐकतात. तरी हट्ट सोडून सही करावी असं दोन ओळींत खडसावून लिहावं. जाऊबाईंना नमस्कार.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. वरच्या दोन ओळी लिहू नयेत. ते खोटं बोलत नाहीत. गाठ मी बांधली. हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, हे कोणाला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद आहे. ते शेजारी उभे राहून सांगत होते, मी वाकून बांधत होते.

ता. क. २. पुढच्या आठवड्यात मी बागेच्या बाईंकडे जाऊन माझ्या नावानं लिहून देणार आहे आणि त्यांच्यासमोर गाठ बांधून सोडून दाखवणार आहे. तेव्हा शेवटच्या वेढ्याचं चित्र उलट टपाली पाठवावं, मोठं, पाकिटावर माझं नाव घालून. पत्र तुमच्या गुडघ्यांबद्दल आहे असं यांना सांगितलं आहे.

ता. क. ३. वेढा राहिला कसा, असं तुम्ही विचाराल. शेवटच्या वेढ्याशी ते सांगायचे थांबले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं. हे त्यांना कधी विचारू नये.