हाताच्या अंतरावर

७ जानेवारी, बुधवार

तेजल आज रुद्रला चावली. गालाला, डोळ्याच्या जरा खाली. दातांचे ठसे एकूण एक उमटलेत.

मी त्याच खोलीत होते. बाकीच्या मुलांना माती भिजवायला पाणी देत होते. किंकाळी ऐकली आणि वळायच्या आधीच कळलं – हे माझं पोर. धावले. तेजलला बाजूला केलं. किती जोरात केलं ते लिहवत नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

शाळेत रुद्र मला सगळ्यांसारखं ‘ताई’ म्हणतो. आज ‘आई’ म्हणाला.

८ जानेवारी

दिवाळीनंतर तेजल आमच्या बालवर्गात आली. कळवणची. वडील पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये लागले म्हणून घर इकडे हलवलं. आल्यापासून चावते. आधी समर्थचा हात, मग आणखी दोघांचे. त्या वेळी त्यांच्या आयांना मीच समजावलं होतं – नवी आहे, शब्द सापडत नाहीत म्हणून दात लावते, थोडा वेळ द्या. किती शहाण्यासारखं बोलले होते! समर्थची आई आज फाटकाशी भेटली. रुद्रचा गाल बघितला.

घरी नवरा, सोमनाथ, म्हणाला. ‘त्या मुलीला काढा, नाहीतर मी माझ्या मुलाला काढतो.’

मी म्हटलं, आमच्या शाळेत कोणाला काढत नाहीत.

‘तुझी तत्त्वं तुझ्याजवळ ठेव, निकिता. गाल रुद्रचा आहे.’

मी रुद्रच्या गालाला मलम लावायला घेतलं.

१० जानेवारी, शनिवार

पालकसभा. सगळे नेहमीसारखे सतरंजीवर बसले, पण आज कोणी मांडी सैल सोडली नाही.

समर्थचे बाबा उभेच राहिले. ‘परीक्षा नको, नंबर नको, ओरडणं-मारणं नको, सगळं पटलं म्हणून एवढ्या लांब, शहराबाहेर मखमलाबादच्या पुढे पोरं आणतो आम्ही. पण सुरक्षितता नको असं कधीच म्हणालो नव्हतो.’

खरं बोलत होते. मला टाळी वाजवावीशी वाटली.

अंजलीताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. शाळा त्यांनीच काढली, स्वतःच्या बंगल्यात. म्हणाल्या, ‘एकाला काढलं की उरलेल्यांना कळतं, आपल्यालाही काढतील. मग ती धाकाने शहाणी होतात. मला ते शहाणपण नको.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘निकिता, तू आईही आहेस. तुझं काय म्हणणं?’

मी म्हटलं, तेजल राहू दे. आवाज अजिबात हलला नाही. मनात नेमकं उलट होतं.

तेजलची आई उज्वला शेवटी बसली होती, दाराजवळ. चाचरत आपल्या बोलीत म्हणाली, ‘घर ती कोणलेच नही चावस, ताई.’ कोणीतरी ‘नही चावस’ असं पुटपुटलं आणि दोघी-तिघी हसल्या. वाईट हेतूने नव्हे. पण ती दाराकडे आणखी सरकून बसली.

ठरलं ते असं – काही दिवस एक मोठं माणूस सतत तेजलच्या हाताच्या अंतरावर. ते माणूस मी.

१२ जानेवारी, सोमवार

रुद्रला सोमनाथने घरीच ठेवलं, आजीजवळ. मी दिवसभर तेजलशेजारी. खरं सांगायचं तर शेजारी नाही – पहाऱ्यावर. तिचं तोंड जरा उघडलं की माझा हात पुढे.

दुपारी समर्थने तिचं मातीचं मडकं उचललं. ती म्हणाली, ‘ते मनं शे.’ त्याला कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली. तो हसला, ‘शे शे शे.’ तिचा चेहरा बदलला. तेवढ्यात मी मध्ये हात घातला आणि म्हटलं, ‘समर्थ, ती सांगते आहे की ते माझं आहे.’

‘मग तसं सांग ना,’ म्हणाला, आणि मडकं ठेवून गेला.

एवढंच! दोन महिने मी ते ‘शे’ ऐकतच होते. तेजल माझ्याकडे बघत राहिली.

१५ जानेवारी

वर्गभर ‘मनं शे, मनं शे’ चाललंय. डबा मनं शे, खिडकी मनं शे. तेजल सगळ्यांना नीट म्हणायला लावते. ‘डबा मना, खिडकी मनी!’ आज खळखळून हसली. उज्वलाला फोन करून सांगितलं, तर तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

घरी आले तर सोमनाथने रुद्रची दुसरी शाळा नक्की केली होती. मोठी, इंग्रजी माध्यमाची. मला न विचारता असंही नाही. रविवारी विचारलं होतं, मी भांडी घासत राहिले होते.

हलकं वाटलं. तेच सहन होत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

रुद्र आज बसने गेला. संध्याकाळी विचारलं, कशी आहे शाळा?

‘तिथे कोणी चावत नाही.’

आणि?

‘कोणी बोलत नाही. बोललं की उभं करतात.’

तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मग टीव्ही लावून बसला.

फाटकाशी समर्थच्या आईने गाठलंच. ‘तुम्हीच तुमच्या मुलाला काढलंत?’ मी काहीतरी पुटपुटले. अंजलीताईंनी तर तेवढंही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘जेवला का तो नीट?’

२१ जानेवारी

तेजल आता कोणालाच चावत नाही. माझं कशातच लक्ष लागत नाही. नव्या पालकांना शाळा दाखवताना वाक्य अर्ध्यात सुटतं.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी गोलात बसलो होतो. तेजलने विचारलं, ‘रुद्र कथा गया?’ समर्थने लगेच मला समजावलं, ‘ताई, ती विचारते, रुद्र कुठे गेला.’

दुसऱ्या शाळेत, म्हटलं.

तिने विचार केला. हल्ली ती आमचं-तिचं मिसळून बोलते. ‘मी चावले. मले नाही काढलं. मग त्याले काबरं काढलं?’

सगळा गोल माझ्याकडे बघत होता. त्यांना विचारायची सवय आम्हीच लावली. मी म्हटलं, मला माहीत नाही, तेजल.

घरी येताना एकच डोक्यात – रुद्रला कोणी विचारलंच नाही. आमच्या शाळेत मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या चित्रावर रेघसुद्धा ओढत नाही आम्ही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बस यायच्या आधी विचारलं. सोमनाथच्या समोर. कुठल्या शाळेत जायचं तुला?

‘तेजलची भीती वाटते,’ रुद्र म्हणाला. मग पायरीवर बसला आणि नव्या शाळेचे बूट सोडायला लागला. नाडीची गाठ सुटेना, तेव्हा सोमनाथ खाली वाकून ती सोडवायला लागला.