मास्तर खुर्चीवरून उठत नाही

१२ जाने. ८६, रविवार. पांढुर्णा
वाचणाऱ्या बापा, चष्मा कपाळावरच आहे. घरभर शोधू नको. काल काय जेवला ते तुले सांगता येत नाही, तं आमची गोष्ट काय ध्यानात ठेवशील? म्हणून आम्ही दोघी लिहून ठेवून राहिलो. बोलते मी, लिहिते नातसून शोभा. मले अक्षर येत नाही, पण पेन चालल्याचा आवाज समजते. मी लांब बोलली अन् पेन लवकर थांबला तं पुन्हा बोलते.
नवऱ्याचं नाव ती घेत नाही. कागदावरही नाही. नुसतं 'म.' लिहिते. तं हा म. म्हणजे माझा नातू. खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, लुगडं नेसून नाचते. लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत त्याच्या कमरेची तारीफ. आता नागपूरच्या ढोके सरांनी त्याले नाटकात घेतलं. बाईचं काम नाही. म्हाताऱ्या मास्तरचं. शेवटचा अंक सगळा खुर्चीवर बसून.
मी म्हटलं, "अबे, बसायचंच होतं तं घरी काय कमी होतं?"
म्हणे, "आजी, कंबर आणखी किती वर्षं चालन? तोंड म्हातारपणीही चालते. तुह्यंच पाहाय ना."

१९ जाने., रविवार
केस कापले. शोभाच्या वेणीपेक्षा त्याची लांब होती. न्हाव्यालेच वाईट वाटलं, दोनदा विचारलं म्हणे, "पक्कं ना?" घरी आला तं शोभा हसली, मग आत जाऊन रडली. (हे लिहीत नव्हती. लिहायले लावलं.)

२९ जाने., बुध.
खुर्चीवर बसायची तालीम. तोंड मास्तरचं, पाय गंमतीतला. शोभा खलबत्त्यात लसूण कुटून राहिली अन् याचा पाय खाली ठेका धरून राहिला. ढोके सर म्हणतात पाय शांत झाला नाही तं काम दुसऱ्याले.
आज चटणी पाट्यावर वाटली. खलबत्ता उचलून ठेवला.

९ फेब्रु., रविवार. सौंसर
पहिला प्रयोग. मी पुढच्या रांगेत. पाय शांत. मास्तरची पोरगी भांडून घर सोडून चालली, हातात पेटी, अन् मास्तरनं वळून पाहायचंच नाही. सारं नाटक तेवढ्यात आहे. बायकांनी पदर तोंडाले लावले.
तेवढ्यात मोहगावचे एक पाटील उठले, नोट वर धरली.
आता गंमतीतली रीत अशी, का नोट दिसली तं नाच थांबवायचा, ती घ्यायची, देणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं अन् एक गिरकी मारायची. नाही घेतली तं त्या माणसाचा अपमान. म. इतकी वर्षं तेच करत आला. उठला! मास्तरचं धोतर सावरत आला, नोट घेतली, पाटलाचं नाव घेतलं अन् गिरकी. ती पोरगी पेटी घेऊन तशीच उभी.
लोक खूश. पाटील खूश. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कायले बोलू? ढोके सर पडद्यामागे डोक्याले हात लावून.

१० फेब्रु.
सर म्हणाले, "आणखी एकदा उठलास तर परत गंमतीत जा." म. जेवला नाही. म्हणे, "केस तं गेले, आजी. आता तिकडचाही नाही राहिलो."

२३ फेब्रु., रविवार. पांढुर्णा
आज आपल्याच गावात प्रयोग. मुंबईचा एक सिनेमावाला संत्र्याचे बगीचे पाहायले आलेला, तोही बसणार होता. म्हणून मी आठवडाभर बाजारात सांगत फिरली, "जो नोट दाखवन, त्याच्या घरी मी महिनाभर राहायले येईन." गाव भ्यालं. सगळे हात मांडीखाली दाबून बसले.
पोरगी निघाली. मास्तर बसलेला. वळला नाही. नुसता गालाचा एक कोपरा हलला. बापा, मले काय झालं कोण जाणे. पदराची गाठ सुटली, मी पुढे गेली, हात वर. हातात नोट.
साऱ्या मांडवाले वाटलं, गेलं.
म.नं पाहिलं. मास्तरच्याच डोळ्यानं पाहिलं. मी म्हटलं, "अबे घे ना!" तो खुर्चीतून हलला नाही. हळूच म्हणे, "बसवा कोणी यांना. घरातली पोर जाताना म्हाताऱ्या माणसाले पाहवत नाही." असं नाटकात लिहिलेलंच नाही!
शोभानं मले ओढून बसवलं. पहिल्यांदा कोण्या नाच्यानं माझी नोट घेतली नाही. अपमान झाला. एवढी खूश मी त्याच्या लग्नातही नव्हती.

२४ फेब्रु.
सिनेमावाला घरी येऊन गेला. म.ले मुंबईले बोलावलं, कॅमेऱ्यापुढे उभं करून पाहतो म्हणे, जमलं तं बापाचं काम. जाता जाता म.ले विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाईंचं काम कोणी केलं? छान केलं." मी आतून ओरडली, "चहा घेऊन जा!"

९ मार्च, रविवार
शेठजीच्या दुकानावर म.चा मुंबईहून फोन आला. मी ओरडून बोलली, दुकान भरून लोक ऐकत.
म. म्हणे, "आजी, इथं कोणी टाळी वाजवत नाही. काम झालं का सगळे दिव्याकडे पाहतात."
"मंग चांगलं झालं ते समजते कसं?"
"समजतच नाही. उद्या पुन्हा बोलावलं आहे. ठेवतील का नाही, कोणी सांगत नाही."
पण आवाज हसरा होता. शोभालेही फोन दिला. ती काय बोलली ते लिहीत नाही. नको लिहू.
परवा शेठजीचा पुतण्या मुंबईले चालला. शोभा विचारते, "आजी, त्याच्यासंगं किती दिवसाचं खायचं पाठवू?" मले काय माहीत? लाडू पाठवू नको पोरी, लाडू लवकर संपतात अन् माणसाले घराची आठवण येते. ज्वारीच्या उन्हात वाळवलेल्या खारोड्या पाठव, डबा गच्च भरून. वर्षभर टिकतात.