मिरचीचं पोतं आणि घरातली मांजरी

माय, मी घरात मांजरी पाळली आहे. हे ऐकून तू कपाळावर हात मारून घेशील. नुसती पाळली असती तर तू काही म्हणाली नसतीस, पण ही दुसऱ्या मजल्यावर राहते, जिना उतरत नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तिच्यासाठी न्हाणीच्या कोपऱ्यात वाळूचं घमेलं आहे आणि ते रोज सकाळी तुझी शिकलीसवरलेली लेक स्वतः साफ करते. चौतीस वर्षं पोरांची नाकं पुसली, आता निवृत्त होऊन मांजरीची वाळू चाळते. तिला नाव ठेवलेलं नाही. शाळेत सगळे मला बाई म्हणायचे, घरात मी हिला बाई म्हणते. ओ बाई, जेवायला चला. ओ बाई, पडद्याला लटकू नका. ऐकत तर एक नाही.

आपल्या इमारतीमागे मिरची वाळत घालायची ती पथारी अजून आहे. दिवाळीनंतर ओल्या मिरच्यांचे ट्रॅक्टर यायला लागतात आणि पंधरा दिवसांत सगळं रान लाल होऊन जातं. वारा फिरला की आम्ही घरात बसून शिंकतो. तिथेच ताडपत्रीखाली हे पिल्लू सापडलं. मिरचीचे देठ खुडणारी एक बाई, जिची मुलगी माझ्या वर्गात होती, पदरात घालून ते घेऊन दोन जिने चढून आली. म्हणाली, "बाई, हाई पिल्लू तठे जगाव नही. तुम्हीच ठेवी ल्या." तिच्या हाताला तेलाचा आणि मिरचीचा वास होता. तुझ्या हातांना यायचा तोच. मी नाही म्हणूच शकले नाही. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण पिल्लासाठी बशी शोधायला तेच उठले.

तुला आठवतं का, मी तिसरीत होते. दुपारची शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट पथारीवर यायचे. तू बायांच्या ओळीत बसलेली असायचीस, तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत तेलाने चोपडलेले, आणि बोटं इतकी भराभर चालायची की देठ कधी तुटला ते दिसायचंच नाही. गोदामात एक पिवळी मांजर होती. उंदरांनी पोती कुरतडू नयेत म्हणून शेठनेच ठेवलेली. तू तिला दुपारी भाकरीचा एक तुकडा टाकायचीस, एकच. जास्त दिला तर ती उंदीर धरणार नाही म्हणायचीस. एकदा कुत्री तिच्या मागे लागलेली मी पाहिली आणि माझा जीव खालीवर झाला. मी तिला धरलं, कोंबड्यांच्या डाल्याखाली घातलं आणि वर वीट ठेवली. दोन दिवस ती तिथे होती. मी गुपचूप खायला घालत होते आणि फार मोठं पुण्य करतेय असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी तू ती वीट काढतेस. मांजर बाहेर येते, पण पळत नाही, तिथेच वाकडी बसून राहते. तू मला मारत नाहीस. मार परवडला असता. तू फक्त म्हणतेस, "मांजरले कोंडी नको ठेवू पोरी. तेले काम लागस. बठी बठी येडं व्हई जाई."

ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि तरीही मी हिला कोंडलं. दुसरं काय करणार होते? समोर हमरस्ता, त्यावर गुजरातकडे जाणारे ट्रक, खाली चार दांडगी कुत्री आणि मागे पथारी. गुरांच्या दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आहेत. पिल्लाला टोचून घ्यायला गेले तेव्हा बैल, बोकड आणि पिशवीतून डोकं काढणाऱ्या कोंबड्या यांच्या रांगेत मी मांजर घेऊन बसले होते, लोक माझ्याकडे बघून हसत होते. त्या म्हणाल्या, "काकू, खाली सोडू नका. घरात राहिली तर जास्त जगेल. नसबंदीही करून घ्या. पण घरात ठेवायचं तर तिला दिवसभराचं काहीतरी काम द्या." मी पहिला भाग ऐकला आणि शेवटचा सोडून दिला. सोयीचं तेवढं ऐकायची सवय माझी जुनीच आहे.

पहिले तीन-चार महिने मजेत गेले. मग ती मोठी झाली आणि विझल्यासारखी झाली. वाटी सतत भरलेली, त्यामुळे पोट सुटलं. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची आणि पथारीकडे बघायची. खाली एखादी चिमणी उतरली की दात वाजवल्यासारखा आवाज काढायची, मग पुन्हा गप्प. पहाटे दाराशी जाऊन ओरडायची. अंगाला हात लावला की चावायची. मी तिला रागावले, मग जवळ घेतलं, मग महागडं खाणं आणलं, काही उपयोग नाही. एक दिवस हे चहा पिताना खिडकीकडे बघत म्हणाले, "हाई मांजर नही वं, हाई ते तुन्ही माय बठेल शे." चेष्टेत म्हणाले. तुझ्यावर त्यांचा जीव होता, तुम्ही दोघं मिळून माझी टिंगल करायचात. पण मला हसू आलं नाही. त्याच खिडकीत, त्याच दिशेला तोंड करून तू तीन वर्षं बसली होतीस.

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. हिला काम द्यायचं. ती सोफा ओरबाडत होती, म्हणून तिला ओरबाडायला काहीतरी हवं होतं, आणि नंदुरबारात राहून माणसाला पहिलं काय सुचणार? पोतं. पथारीवरून एक जुनं गोणपाट मागून आणलं, झटकलं, आणि दाराच्या चौकटीला ठोकून टांगलं. माझी मीच पाठ थोपटून घेतली. ही आली, वास घेतला, मागच्या पायांवर उभी राहून मनसोक्त नखं चालवली आणि मग नेहमीप्रमाणे बसून पंजे चाटायला लागली. मिरचीचं पोतं, माय! चाळीस किलो मिरची ज्यात वर्षभर राहिली ते पोतं झटकून स्वच्छ होतं का? मिरचीपासून वाचवायला म्हणून जिला खाली सोडत नव्हते, तिच्यासाठी मीच मिरची दोन जिने चढवून घरात आणली. तिच्या तोंडाला फेस आला, डोळे मिटले, ती पंजे झटकत घरभर धावली. मी घाबरून तिला उचललं आणि नळाखाली धरलं. तोच तुझा आवाज आला. खरंच आला. मी लहानपणी तुझ्यासारखं खुडायला बसले होते, हाताची आग झाली तशी रांजणाकडे पळाले होते, आणि तू ओळीतून ओरडली होतीस, "पाणी नको लावू वं! पहिले तेल!"

मी नळ बंद केला. यांनी तिला टॉवेलात गुंडाळून धरलं, त्यात त्यांच्या मनगटावर चार ओरखडे उठले. मी कापसावर गोडेतेल घेतलं आणि एकेक पंजा, बोटांच्या मधली जागा, नखांची मुळं पुसून काढली, तीनदा. मग साबणाच्या कोमट पाण्याने ते तेल धुतलं, मग साधं पाणी. डोळ्यांकडे पाणी जाऊ दिलं नाही. नंतर डॉक्टरीणबाईंकडे नेली, त्यांनी डोळे आणि तोंड तपासलं, थेंब दिले आणि विचारलं, आधी तेल लावायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझी आई पथारीवर होती. आजवर हे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. आई शेती करायची, एवढंच सांगायचे. त्या दिवशी ते सहज तोंडातून निघालं आणि मला फार बरं वाटलं.

पोतं गेलं, त्याच्या जागी टेबलाच्या पायाला नवी काथ्याची दोरी गच्च गुंडाळली. गॅलरीला वरपासून खालपर्यंत तारेची जाळी बसवली, कारण डासांची जाळी ती एका दुपारी फाडू शकते. खिडकीपाशी तुझी जुनी लाकडी पेटी ठेवून वर गोधडी घातली आहे. तिथून पथारी सगळी दिसते, पण पडायची भीती नाही. आणि वाटी आता भरलेली नसते. तिचं खाणं मी घरभर लपवते. चार दाणे पुठ्ठ्याच्या डब्यात, चार उशीखाली, चार कागदाच्या सुरळीत. ती सकाळी कामावर निघाल्यासारखी निघते, एकेक कोपरा हुंगते, सुरळी पंज्याने उलगडते. संध्याकाळी हे जुन्या साडीची किनार घेऊन घरभर फरपटत चालतात आणि ती मागे दबा धरून येते. सत्तरीकडे आलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून भाजी आणायला जात नाही, पण किनार ओढत सोफ्याला तीन चकरा मारतो. शेवटी तिला किनार पकडू द्यायची असते, नाहीतर ती चिडते. पकडली की तोंडात धरून माझ्यासमोर आणून टाकते आणि लगेच जेवायला मागते. पोट उतरलं आहे. पहाटेचं ओरडणं थांबलं आहे. आता हे लिहिताना ती जाळीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात आडवी पडली आहे आणि शेपटीचं टोक तेवढं हलतंय. घर भरल्यासारखं वाटतं, माय. मी सुखात आहे, हे तुला सांगायचंच होतं.

पण एवढंच सांगायचं असतं तर कागद लागला नसता. गावच्या घराच्या पायरीवरून तू पडलीस आणि मी तुला इथे आणलं. सकाळी आम्ही दोघं कामाला निघताना मी बाहेरून कडी लावायचे, कारण एकदा तू एकटीच जिना उतरून पथारीवर जाऊन बसली होतीस. तुला काही झालं असतं तर? माझी ती भीती खरीच होती. जेवण झाकून ठेवलेलं, पाण्याचा तांब्या भरलेला, पंखा चालू, औषधाच्या गोळ्या डबीत. माझ्या मते तुला काही कमी नव्हतं. संध्याकाळी आले की तू सांगायचीस, "आज बायासनी मिरची फिरावीच नही. खालून काळी पडी जाई." मी हं हं करत वह्या तपासायचे.

मग एकदा तू म्हणालीस, "माले दोन किलो मिरची आणी दे. आठे बठी बठी काय करू? देठ खुडत बठसू." नंतर पुन्हा म्हणालीस. तिसऱ्यांदा तर यांनाही मध्ये घातलंस, आणि ते आणायला तयारही झाले होते. मीच अडवलं. मी म्हटलं, "डॉक्टर नही म्हणतस माय. तुन्ही छातीले चालाव नही." तू म्हणालीस, बरं, डॉक्टर म्हणतात तर नको. पुन्हा कधी विषय काढला नाहीस. आणि खिडकीत बसून राहिलीस.

मांजरीसाठी मी कागदाच्या सुरळ्या करते. तुला एक टोपली आणि तेलाची वाटी दिली असती तर झालं असतं, जाळी लावलेल्या गॅलरीत, उन्हाच्या पट्ट्यात. हे पत्र मी घडी करून पेटीत, गोधडीखाली ठेवणार आहे. ते कुठे जायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. शेजारच्या बायका म्हणाल्या असत्या, बाईंची आई घरात बसून मिरची खुडते. मला त्याची लाज वाटत होती. डॉक्टरांना मी कधी विचारलंच नव्हतं, माय.