दार लावायची भीती

शनिशिंगणापूर,
४ सप्टेंबर २०२५

चि. आदिनाथ यास थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद.

फोनवरच बोलले असते, पण सविता सून शेजारी असती, लाज वाटती. नोव्हेंबरात तू मला जपानला लाल-पिवळी पानं बघायला न्यायचं म्हणतो, लई आनंद झाला. विमानाचं भ्या न्हाई. पण सवितानं मोबाईलवर हॉटेल दाखवलं. म्हणाली, दार आपोआप लागतं, कुलूपच पडतं. तवापासून घास गिळंना. माझं माहेर-सासर याच गावात. सहासष्ट वर्षांत बंद दारामागं निजले न्हाई. घराला चौकट हाय, दार न्हाई.

सराव म्हणून सोमवारी भरदुपारी शिर्डीत लॉजवर खोली घेतली. सवितानं बाहेरून दार ओढलं अन् माझा जीवच गुदमरला. कडी दिसंना. अशी बोंबलले, की मॅनेजर हातातलं ताट टाकून पळत आला. बाबा रे, तुझ्या लेकीला, पूजाला ने. राग धरू नको, माया असू दे.

तुझी,
झुंबरअक्का

अहिल्यानगर,
१० सप्टेंबर २०२५

ती. अक्का, तुझ्या पायांवर डोकं.

मॅनेजरचं वाचून आधी हसलो. मग हसू आलं नाही. तीस वर्षं भूगोल शिकवला, पानझडीची जंगलं रंगीत खडूनं फळ्यावर काढली. एकदा खरी बघायची आहेत. पुढच्या वर्षी जाऊ म्हणशील, पण मला काचबिंदू झालाय. डाव्या डोळ्याची नजर गेली. उजव्याची किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत. कडेनं अंधार आत सरकतोय. पूजाला बोललेलो नाही, तिचं लग्न ठरतंय. तिची आई असती तर तिला सांगितलं असतं. अक्का, मी फार घाबरलोय. परक्या देशात पायरी दिसली नाही तर कोणाचा हात धरू? तू नाही म्हणालीस तर तिकिटं रद्द करतो.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
आदिनाथ

शनिशिंगणापूर,
१९ सप्टेंबर २०२५

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

मेल्या, एवढं पोटात ठेवून हिंडत हुतास! आधी तुला शिव्या दिल्या, मग गोठ्यात बसून रडले.

काल शिर्डीला एकटी गेले. दार मीच ओढलं. मग डोळे मिटले अन् भिंत चाचपत खोलीभर फिरले, तुझं कसं हुत असंल ते बघायला. नडगी पलंगावर आपटली. दार हाताला लागलं, तरी उघडलं न्हाई. तिथंच खाली बसले, चहावाला येईस्तोवर.

भ्या गेलं न्हाई. पण तिकिटं राहू दे, खोली दोघांत एकच घे. अन् पूजाला सांग, तिला फसवू नको. जपानात पानं कशी दिसत्यात ते तू मला नीट दाखव, एकूण एक झाड. पुढं तुला मी सांगत जाईन.

जपून राहा.

तुझी,
झुंबरअक्का