खंडेनवमीचं जाळं

प्रिय सोमनाथ,

तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र आणि सोबतचं पुडकं युवराजच्या हाती देतोय. त्याचा टेम्पो मांजरसुंब्यावरूनच जातो. पुडकं लगेच सोडू नकोस, आधी वाच.

सुरुवातीलाच एक कबूल करतो. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तुझ्या पंक्चरच्या दुकानासमोरच्या ढाब्यावर एक माणूस तोंडाला गमजा गुंडाळून बसला होता, तो मी होतो. तीन चहा घेतले आणि तुझ्याकडे पाहत राहिलो. ट्यूब पाण्यात दाबून तू बुडबुडे शोधत होतास, अजून डाव्या हातानंच. शेजारच्या टपरीवाल्याला मी हळूच विचारलं, हा माणूस दसऱ्यात वडवणीकडं गेलता का. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "तुमी पोलिसातले हाव का? त्यो तर जेवायला सुदिक दुकान सोडत न्हाई." मी उठलो आणि मिळेल त्या गाडीनं घरी आलो. भावाच्या दारापर्यंत जाऊन मी त्याची चौकशी करून आलो, त्याला भेटलो नाही.

कारण जाळं होतं. आबांचं फेकजाळं. तू गेल्यापासून सहा वर्षं ते माळ्यावर पडून होतं. मी तळ्याकडे फिरकलो नाही. यंदा पोळा झाल्यावर काय वाटलं कोण जाणे, खाली काढलं. काठाच्या वजनाचं शिसं पांढरं पडलं होतं. ते चुलीवर पळीत वितळवलं, ओल्या मातीत काडीनं भोकं पाडून, ती पुरती वाळल्यावर त्यात ओतलं, नव्या गोळ्या केल्या. कुजलेला दोर बदलला. तुटलेली घरं आबांच्या बांबूच्या सुईनं एकेक विणली. माझी गाठ उजवीकडे वळते, तुझी आणि आबांची डावीकडे. विणलेलं बोटांखाली धरलं की कुठे कोणाचा हात फिरलाय ते अजून कळतं. अंजना म्हणाली, "आवं, एवढी माया कधी म्हशीवर तरी केली का?" पण तीही सुतळी धरायला बसली.

नवरात्रात आपण मासळी धरत नाही, म्हणून जाळं घडी करून म्हशीच्या सपरात टांगलं. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ यांच्यासोबत त्याची पूजा केली. हळदकुंकू लावलं, आणि आबा करायचे तसं काठाच्या प्रत्येक खिशात, शिशाच्या गोळीशेजारी, गूळ-खोबऱ्याचा तुकडा ठेवला. दसरा झाला. तिसऱ्या दिवशी जाळं सोडलं तर काठ कापलेला. ओळीनं, प्रत्येक भोक खिशाच्या बरोबर वर. धागे ब्लेडनं कापावेत तसे साफ.

सोमनाथ, हे मी आधी पाहिलं होतं. आबा गेले त्या वर्षी, पूजा पहिल्यांदा मी केली तेव्हा, अगदी असंच. तेव्हा आदल्याच दिवशी आपली जुंपली होती. तू म्हणालास, बाजारात मशिनचं जाळं मिळतंय, गाठी मारत कोण बसतं आता. मी म्हणालो, आबांची राख थंड व्हायची आहे अजून. आणि दुसऱ्या दिवशी कापलेल्या जाळ्याखाली तुझं अर्धं ब्लेड सापडलं. धाग्यांची टोकं कापायला तू ते नेहमीच तिथं ठेवायचास, हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते माहीत असणं मी बाजूला ठेवलं. मी तुला विचारलं नाही. सरळ गल्लीतल्या वडीलधाऱ्या मोहनरावांना आणि आणखी चौघांना खंडोबाच्या देवळात बोलावलं आणि तुझ्यापुढे बेलभंडार ठेवला. उचल म्हणालो. म्हण, मी कापलं नाही.

तू उचलला नाहीस. तुझं वाक्य मला सहा वर्षं पाठ आहे. "दादा, तू नुसतं इचारलं असतंस तर सांगितलं असतं. देवाला मधी कावून आणतो?" मोहनराव म्हणाले, उचलत न्हाई म्हणजी कळलंच की. मलाही कळलं असंच वाटलं. काठ सांधता सांधता तू उठून आला होतास, तुझ्या हातातली आबांची सुई मी तिथंच काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तू आणि मंगलनं संसार उचलला आणि गाव सोडलं.

म्हणून यंदा काठ पाहिला तेव्हा पहिलं नाव तुझंच आलं. सहा वर्षांनी, इतक्या लांबून, तू येऊन माझं जाळं कापून गेलास असं मी खरंच धरून चाललो. टपरीवाल्यानं ते खोटं पाडलं, तरी संशय काही घरी गेला नाही. तो शेजारच्या जीवनवर बसला. त्याच्या बकऱ्या मी वावरातून हाकलल्या होत्या. दोन दिवस त्याच्या रामरामला उत्तर दिलं नाही. मग अंजनावर बसला, कारण माझा वेळ जाळ्यात जातो म्हणून ती कुरकुरत होती. मी तिला विचारलं, सपरात ब्लेड कुणी ठेवलं होतं का. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आता मलाबी बेलभंडार उचलायला लावता का? आणा, हाताचं पीठ धुऊन घेते."

ते लागलं मला. सपरात जाऊन जाळं मांडीवर घेतलं आणि नुसता बसलो. करायला काही नव्हतं म्हणून खिसे उसवायला लागलो. जो खिसा धड होता त्यात खोबरं होतं. जो फाटका होता त्यात नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. एकही चुकला नाही. शेवटच्या खिशात अर्धा तुकडा निघाला, त्यावर बारीक दोन दातांच्या खाचा, आणि शिशाच्या गोळीला चिकटलेल्या उंदराच्या लेंड्या. त्या वर्षी मी खिसे उघडलेच नव्हते. ब्लेड हाती आल्यावर खिसे कोण उघडतो?

आईला जाऊन सांगितलं. तिला आता कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं. म्हणाली, "खोबरं तसंच ठिवलं का? तुझा आबा सांजच्याला तळ्यावर जाऊन झटकून यायचा. मासळीचा परसाद मासळीला." मी आबांना ठेवताना पाहिलं होतं, झटकताना कधी पाहिलं नाही. त्या वेळी मी देवळात आरतीला असायचो. मला वाटलं, देवापुढचं काढून घेऊ नये, राहू द्यावं. आईला म्हणालो, मग तेव्हा का नाही बोललीस. ती म्हणाली, "तू कवा इचारलं?"

परवा रविवारी मी मोहनरावांना आणि त्याच चौघांना देवळात बोलावलं आणि सगळं सांगितलं. जाळं माझ्या नैवेद्यामुळे कातरलं गेलं, सोमनाथनं काही केलं नव्हतं. मोहनराव ऐकून हसले. म्हणाले, "भावाला परत आणायचाय म्हणून उंदराची गोष्ट रचली का काय? खरं हाय तर उचल बेलभंडार." तो तिथंच होता, ताटात, पिवळाजर्द. माझा हात निघालाही होता. इतकी वर्षं त्या देवाला रोज हात जोडतो, त्याची शपथ घ्यायला मला अवघड काय होतं? पण हात मागे घेतला. म्हणालो, तुम्ही विचारलं, मी सांगितलं. देवाला मधी आणत नाही. सगळे उठून गेले. आता गल्लीत चर्चा आहे की रामहरीनं उचलला नाही, म्हणजे कायतरी हाय. जीवनसुद्धा रामराम करताना थांबून बघतो. तुला काय वाटलं असेल ते मला या दोन दिवसांत थोडंफार कळलं. तुझी सहा वर्षं मात्र मला कळायची नाहीत.

आता पुडकं सोड. त्यात जाळ्याच्या काठाचा एक तुकडा आहे आणि दातांच्या खाचांचं ते खोबरं. पण ते तुला पटवायला नाही पाठवलं. नको वाटलं तर रस्त्यावर फेकून दे. खाली कापडात गुंडाळलेली आबांची सुई आहे, ती मात्र ठेव. ती मी तुझ्या हातातून घेतली होती आणि ती घेण्याचा हक्क मला नव्हता, हे सांगायला हे पत्र लिहिलं. जाळं सपरात उंच टांगलंय, खिसे झटकून, आणि काठाची भोकं मी विणलेली नाहीत. तू ये असं म्हणायचं धाडस होत नाही. पण कधी माझा फोन वाजला आणि तू काही विचारलंस, तर जे विचारशील ते सांगेन.

तुझाच,
रामहरीदादा